शेपटीजवळचा दरवाजा

पासष्टची लढाई थांबली, तरी माझ्या धाकट्या भावाची काहीच खबर नव्हती. तो हवाई दलात, सामान वाहणाऱ्या विमानात वायरलेसवर होता. आमचं गाव पनवेलजवळ, घरची मिठागरं. बाबा बांधावर जाऊन नुसतेच उभे राहायचे. आई मात्र माझ्या मागे लागली, "माजं पोर कशात बसतं, ते मला बगायचं हाय."

मी पनवेलच्या शाळेत शिकवत होते. पुण्याकडे एका छावणीत जुनी लष्करी विमानं मैदानात मांडून ठेवली आहेत, रविवारी लोकांना बघू देतात, असं तिथे कळलं. आम्ही दोघी एसटीने गेलो.

गवतात विमानं ओळीने उभी होती, चाकांना विटा लावलेल्या. एकाच्या पंखाखाली कुटुंबं डबे उघडून बसली होती. मला ते बघवेना. देखरेखीला एक निवृत्त हवालदार होते. भावाच्या विमानाची जात सांगितल्यावर त्यांनी शिडी लावून दिली. आई लुगडं सावरत चढली.

आत भट्टीसारखं तापलं होतं, तेलाचा वास कोंडला होता. वायरलेसची खुर्ची पार पुढे, वैमानिकांच्या मागे. दरवाजा शेपटीजवळ. आईने त्या खुर्चीवर हात ठेवला, मग दरवाजाकडे बघितलं.

"पेटलं तर माणूस तिथवर पोचतो का?"

"आई, त्यांना शिकवलेलं असतं," हवालदार म्हणाले.

"पोचतो का, ते सांगा."

"कधी पोचतो, कधी नाही."

आईने मला खुर्चीत बसवलं. "डोले मीट. आता दारापर्यंत जा."

मी चाचपडत निघाले आणि गुडघा लोखंडावर आपटला. डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं?"

"नाही."

"त्याला पण लागंल," ती म्हणाली, आणि तिथेच मटकन खाली बसली. हवालदारांनी पाणी आणून दिलं.

दिवाळीनंतर एका दुपारी भाऊ दारात उभा. काविळीने इस्पितळात पडून होता, अंगावर नुसती हाडं. आई रडली नाही. तिने त्याला भात वाढला, त्याचं जेवण होईस्तोवर समोर बसली आणि मग अंथरूण धरलं. ताप उतरेना. भाऊच तिच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत बसायचा.

"हिला झालंय तरी काय?" त्याने मला विचारलं.

"काही नाही, दमली आहे," मी म्हणाले.