सोळा मीटरांत थांबायचं

दसऱ्याला लोखंडाला तेल लावायचं, ही आमच्या घरची रीत. वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. दसऱ्याला तिथे साचे पुसून, तेलाचा हात फिरवून, झेंडू वाहून पूजा व्हायची. घरी आले की तेच तेलाचं फडकं ते विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, सगळ्यांवरून फिरवायचे. गिरणी गेली, वडील गेले, फडक्याची रीत राहिली. माझ्या पहिल्या मोटरसायकलला मी एकोणीस दसरे असं तेल लावलं. काही बिघडलं नाही, कारण तिचे ब्रेक चाकाच्या आत, बंद डब्यात होते.

दुसरी मोटरसायकल घेतली, तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी पोलादी थाळी. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. पहिल्या दसऱ्याला मी त्या थाळीवरही फडकं फिरवलं. दोन्ही बाजूंनी, व्यवस्थित. मी औषधांच्या गोदामात साठा मोजणारा माणूस. अर्धवट काम मला जमत नाही.

तेल लावून, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून आम्ही लालबागहून फणसवाडीला निघालो. तिथे बायकोचं माहेर. दसऱ्याला थोरल्या भावाच्या हातावर आपट्याची पानं ठेवायला ती दरवर्षी जाते. चाळीच्या गल्लीत मागच्या ब्रेकवरच भागलं. पुढे सुट्टीचा रस्ता मोकळा होता. भायखळ्याला एका चहाच्या टपरीपाशी असताना पुढे सिग्नलला टॅक्सीचे लाल दिवे लागले. मी दोन्ही ब्रेक दाबले. पुढचा लिव्हर मुठीत आला, पण चाकाने दाद दिली नाही. मागचं चाक घसरलं आणि आम्ही टॅक्सीवर आदळलो. हेल्मेट होतं म्हणून बायकोच्या डोक्याला काही झालं नाही. डावं मनगट मात्र मोडलं. पिशवीतली आपट्याची पानं रस्त्यावर पसरली होती.

प्लास्टर घालताना ती एवढंच म्हणाली, "उजवा वाचला. ब्लाउज कापता येतील." ती घरी शिवणकाम करते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी ढकलत नायगावच्या मेकॅनिककडे नेली. त्याने डिस्कवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"तेल कुणी लावलं?"

"मी. पूजा होती."

"पूजा केलीत की श्राद्ध घातलंत?" तो म्हणाला. "अहो, हिला दोन मोठे शत्रू, तेल आणि ग्रीस. पॅड तेल प्यायलेत. आता धुऊन भागायचं नाही, नवेच टाकावे लागतील."

घरी आलो तेव्हा ती खाटेवर हात उशीवर ठेवून बसली होती. ब्रेक फेल झाला, असं आदल्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते तसंच राहू देता आलं असतं. पण तिला मी खरं सांगितलं: ब्रेक फेल झाला नव्हता, मी केला होता.

तिने उशी सरकवून हात नीट टेकवला. मग म्हणाली, "म्हणजे मी पडले ती तुमच्या भक्तीमुळे."

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि तिने जाहीर केलं की ती आता मोटरसायकलवर बसणार नाही. आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त लागलं. फणसवाडीला जायचं तर ती बसने जायची, मी मागून मोटरसायकलने. एकाच दारात आम्ही दोघं वीस मिनिटांच्या अंतराने पोहोचायचो. तिचा भाऊ विचारायचा, "काय जावईबापू, भांडण आहे की पाळत ठेवताय?" मी हसायचो. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. मागच्या सीटवर तिचं वजन नसलं की गाडी मला खड्ड्यांत उगाच उडाल्यासारखी वाटायची.

मी एक वही घातली. रोज सकाळी टायर थंड असताना हवा बघायची: पुढे पंचवीस पौंड, मागे अठ्ठावीस, दोघं असतील तर मागे बत्तीस. दर पाचशे किलोमीटरला साखळी साफ करायची. ती खालून बोटाने उचलून बघायची. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ताणायची. साखळीला तेल देताना डिस्कवर वर्तमानपत्र गुंडाळायचं. हे सगळं मी आधीही करायचो, पण अंदाजाने.

आणि दर रविवारी सकाळी साडेसहाला परळच्या एका बंद गिरणीच्या भिंतीलगतच्या रिकाम्या रस्त्यावर थांबायचा सराव. खडूची रेष मारायची, तीसच्या वेगाने यायचं, रेषेवर ब्रेक दाबायचे, थांबलं की टेपने मोजायचं. नुसत्या मागच्या ब्रेकवर बारा मीटर चाळीस. दोन्हींवर पहिल्या दिवशी सात नव्वद. इतकी वर्षं मी पुढच्या ब्रेकला बिचकत होतो, हे त्या आकड्यांनी मला सांगितलं. लिव्हर एकदम खेचायचा नाही, आधी टेकवायचा, मग आवळायचा, हे हाताला कळायला दोन महिने लागले. पावसाळ्याआधी आकडा सहा साठवर आला आणि तिथेच राहिला.

वही मी तिच्या मशीनवर ठेवली. तिने चष्मा लावून पानं उलटली.

"ह्यात मी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी रस्त्यात रेष होती का? दिवे दिसल्यापासून थांबेपर्यंत किती, ते सांगा. टपरीपासून टॅक्सीपर्यंत जेवढी जागा होती, तेवढ्यात थांबवून दाखवा. मग बसेन. आणि मोजणार मी. माझ्या टेपने."

पुढच्या रविवारी आम्ही बसने भायखळ्याला गेलो. टपरीपासून सिग्नलपर्यंतचा फुटपाथ तिने ब्लाउजच्या दीड मीटरच्या टेपने मोजला. चहावाला हात थांबवून बघत होता. दहा टेप आणि वर एक मीटर. म्हणजे सोळा.

दसऱ्याच्या आधीचा रविवार ठरला. चाळीच्या अंगणात मी गाडी काढली, तर ती गॅलरीतून म्हणाली, "माझं वजन कुठे धरलंत?"

बरोबर होतं. ती बासष्ट किलो. मी तांदळाच्या पंचवीस-पंचवीस किलोच्या दोन गोणी आणि बारा किलो गव्हाचं पीठ मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधलं, मागच्या टायरात हवा बत्तीस केली. शेजारच्या वहिनी कठड्यावरून ओरडल्या, "भावजी, नवीन वहिनी फारच गप्प आहेत हो!"

"म्हणूनच आणली," बायको जिना उतरता उतरता म्हणाली.

गिरणीच्या भिंतीपाशी ती फुटपाथवर रुमाल घेऊन उभी राहिली. रुमाल कुठे पाडणार, ते सांगितलं नव्हतं. मी तीसवर आलो. दोन बोटं लिव्हरवर, नजर लांब. दोन चकरा तिने रुमाल पाडलाच नाही. मला पार निघून जाऊ दिलं. तिसऱ्या वेळी मी जवळ आलो आणि रुमाल सुटला. लिव्हर टेकवला, आवळला, मागचा हलका. पुढचं चाक खाली बसलं, गोणी पाठीवर रेलल्या, गाडी सरळ रेषेत थांबली. मी पाय टेकवला आणि मागे वळून बघायची हिंमत होईना.

तिने रुमाल पडला तिथे दगड ठेवला आणि वाकून मोजत आली. मी मनातल्या मनात मोजत होतो. आठ टेप झाल्या. नववी लावली, चष्मा वर सरकवला.

"आठ टेप आणि एक मीटर दहा."

तेरा मीटर दहा. जवळजवळ तीन मीटर शिल्लक. तिने टेप गुंडाळली, डबीत ठेवली आणि म्हणाली, "पीठ सांडलंय मागे. घरी चला."

दसऱ्याला मी फडकं काढलं तेव्हा डिस्कवर आधीच वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं, वर सुतळीची गाठ. तेल विळीला, अडकित्त्याला, मशीनला लागलं. गाडीला हळद-कुंकू फक्त दिव्याच्या वर. हार तिने हँडलला न बांधता देवाच्या फोटोला घातला, गजरा डब्यात ठेवला, हेल्मेटचा पट्टा लावला, पदर खोचला. मग तोच डावा हात माझ्या खांद्यावर ठेवून ती मागे बसली. गाडी तेवढी खाली दबली, जेवढी दबायला हवी होती.

भायखळ्याच्या पुढे झेंडूंनी भरलेली एक हातगाडी अचानक आडवी आली. मी थांबलो. तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला मागून टक् करून लागलं, एवढंच. हातगाडीवाला आमच्याकडे न बघता निघून गेला.

"सहा टेपसुद्धा नाहीत," ती मागून म्हणाली.

फणसवाडीत तिचा भाऊ दारातच उभा होता. त्याने आमच्या मागे गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. "ती बसने येतेय ना?"

तिने हेल्मेट काढलं, डब्यातून गजरा काढून माळला आणि त्याच्या हातावर पानं ठेवली. "दोन वर्षांचं घे," ती म्हणाली. एकही पान चुरगळलं नव्हतं.