संपातली शकुंतला

आमच्या घरमालकांच्या एकुलत्या एका मुलीला मी संपात बुडवून मारलं, तेव्हा तिचं लग्न ठरायचं होतं.

मारलं ते कादंबरीत. आणि संप म्हणजे हरताळ नव्हे. बेंगळुरात घराच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला संप म्हणतात. (हे पुण्याच्या मुद्रितशोधकाला न कळल्यामुळे माझी नायिका पहिल्या आवृत्तीत 'संपात सामील होऊन' मेली. कामगार चळवळीतल्या एका गृहस्थांनी त्याबद्दल माझं अभिनंदनही केलं.)

नव्वद सालानंतरची ती वर्षं. दिवसा मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि उरलेल्या वेळात 'रुद्रसेन' या नावाने भयकथा लिहायचो. 'मुंडकं परत द्या', 'पाचव्या पायरीवरचा हात' वगैरे. वाचनालयांत जाणारी पुस्तकं ही, मुखपृष्ठावर पांढऱ्या साडीतली बाई ठरलेली. गोष्टीत बाई नसली तरी असायची. माझी अडचण एकच होती, मला कल्पनाशक्ती नव्हती. ड्राफ्ट्समनला दिसेल तेच मापात काढायची सवय. त्यामुळे माझ्या कादंबरीतलं भुताचं घर म्हणजे इंदिरानगरातलं, आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो ते घर. तेच हिरवं फाटक, तोच फणस, दाराच्या समोर तेच संपाचं लोखंडी झाकण आणि त्यावर ठेवलेला तोच फुटका पाटा.

घरमालक बसवंतअण्णा मूळचे निपाणीकडचे. मराठी फर्डं बोलत, पण वाचत फक्त कन्नड. त्यांची मुलगी शैला कन्नड आणि इंग्रजी शिकलेली. तेव्हा आपण या घरातलं काहीही वापरलं तरी इथे कुणाला पत्ता लागणार नाही, असा माझा हिशेब होता. म्हणून मी 'झाकणाखालची' या कादंबरीत शैलालाही उचललं. लांब वेणी, हनुवटीवर तीळ, पितळी तबकातून कॉफी आणणं, सगळं. फक्त नाव बदलून शकुंतला केलं, एवढी कल्पनाशक्ती चालवली. कॉफी देताना शैला प्रत्येकाला हळू आवाजात विचारायची, "साखर सरी आहे ना?" (सरी म्हणजे कन्नडात बरोबर.) ते ऐकून मला का कोण जाणे शहारा यायचा. माझ्या कादंबरीत बुडून मेलेली शकुंतला ओल्या केसांनी येते आणि नेमकं हेच विचारते. त्यानंतर कॉफी पिणारा जगत नाही.

अशात शैलाला स्थळ आलं. खरं तर तिनेच आणलं. प्रकाश नावाचा बेळगावचा मुलगा तिच्या कॉम्प्युटर क्लासला होता आणि दोघांचं आपापसांत ठरल्यात जमा होतं. पण प्रकाशच्या घरी त्याच्या कमळाआत्याच्या होकाराशिवाय पान हलत नसे. शैलाची आई लवकर गेलेली, त्यामुळे रविवारी सकाळी पाहुणे आले तेव्हा खालच्या स्वयंपाकघराचा ताबा माझ्या बायकोकडे, मालतीकडे होता. मला तिने वर थांबायला बजावलं होतं. तू बोललास की काहीतरी होतं, असं तिचं म्हणणं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे ते अनुभवाचं म्हणणं होतं.

मी गॅलरीतून बघत होतो. फाटकाशी आत्याबाई थबकल्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, फणसाकडे पाहिलं, मग संपाच्या झाकणाकडे पाहून त्यांचा चेहराच उतरला. त्या दिवशी नळाला पाणी आल्यामुळे अण्णांनी झाकणावरचा पाटा बाजूला सरकवला होता. (कादंबरीत तो पाटा आपोआप सरकतो. पान मला आठवत नाही, पण आत्याबाईंना आठवत होतं.) झाकण ओलांडायला त्या तयार होईनात. शेवटी फणसाला वळसा घालून, जास्वंदीतून वाट काढून त्या दारात पोचल्या. अण्णांना वाटलं, बागेची आवड दिसते.

पुढचं मालतीने मला सांगितलं. आत्याबाईंनी पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. घरात आधी कुणी भाडेकरू मुलगी होती का, असं विचारलं. अण्णांनी नाही म्हटल्यावर, तसं ते कुणी सांगत नाहीच, असं स्वतःशीच म्हणाल्या. तेवढ्यात शैला आली. सकाळीच न्हालेली, केस ओले, हातात पितळी तबक. तिने आत्याबाईंपुढे कप धरला आणि खाली बघत विचारलं, "साखर सरी आहे ना?"

आत्याबाई सोफ्यावर बसल्या होत्या त्या सोफ्यावर उभ्या राहिल्या.

"ही बुडालेली आहे," त्या म्हणाल्या.

अण्णांना राग आला. "नाही हो अक्का," ते म्हणाले, "एक वर्ष बुडालं नाही तिचं. बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे."

मग सोफ्यावरूनच आत्याबाईंनी सगळी कादंबरी सांगितली. ऐकता ऐकता मालतीच्या लक्षात सगळा प्रकार आला आणि लिहिणारा वरच राहतो असं सांगून तिने जिन्यातून मला हाक मारली, की खाली ये, तुझं पुस्तक वाचलेलं कुणी आलंय. त्या हाकेत काय होतं ते ओळखायला हवं होतं. पण मला फक्त एवढंच कळलं, की खाली माझी एक वाचक आलेली आहे. तोवर मी वाचक प्रत्यक्षात पाहिलेला नव्हता. मी केस विंचरले, सही लागेल म्हणून पेन घेतलं आणि खाली गेलो.

खाली गेल्यावर मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की हे सगळं मी रचलेलं आहे. बोलणारच होतो. पण आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, की तुमचं पुस्तक वाचून मी आठवडाभर नळाला हात लावला नाही, इतकं खरं कुणी स्वतः बघितल्याशिवाय लिहूच शकत नाही. आता यावर कुठला लेखक नाही म्हणेल? मी डोळे किंचित मिटले आणि म्हणालो, "लेखकाला काही गोष्टी दिसतात."

प्रकाशने कपाळाला हात लावला. शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मालती माझ्याकडे अशी बघत होती, की त्या नजरेवर एक स्वतंत्र कादंबरी झाली असती. आत्याबाई पर्स घेऊन निघाल्याच.

"जोगळेकर," अण्णा शांतपणे म्हणाले, "तुम्ही आत घातलंत, तुम्हीच बाहेर काढा."

मी घाईघाईने सांगायला लागलो, की भूत नाही, मृत्यू नाही, संपात पाण्याशिवाय काही नाही. पण पुस्तकावर तर 'सत्य घटनेवर आधारित' असं छापलंय, आत्याबाई म्हणाल्या. प्रकाशक ते सगळ्याच पुस्तकांवर छापतो, पाककृतींच्यासुद्धा, हे मी परोपरीने सांगितलं. शेवटी त्यांनी अट घातली. संपात काही नसेल तर कुणीतरी उतरून दाखवावं. प्रकाश लगेच बाह्या सरसावू लागला. त्यावर त्या म्हणाल्या, तू नाही, लेखकाने उतरायचं.

इथे एक सांगायला हवं. मला अंधाराची भीती वाटते. बंद जागेची वाटते, खोल पाण्याचीही वाटते. माझ्या भयकथांमध्ये दुसरं काही नसतंच.

पण शैला बघत होती. मी बनियन आणि पंचा अशा वेषात झाकणातून आत उतरलो. पाणी छातीपर्यंत, गारठलेलं. वरून प्रकाशने टॉर्च धरला होता. मी एका कोपऱ्यात गेलो, दुसऱ्या कोपऱ्यात गेलो आणि सगळं ठीक आहे असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कशानेतरी माझा घोटा धरला. मऊ, ओलं, थंड. मी पाय झटकला तसं ते वर सरकून गुडघ्याला वेढा घालून बसलं.

"शकुंतले, सोड!" मी किंचाळलो. "मी नुसता लेखक आहे गं!"

इंदिरानगरातल्या अनेक घरांत तो आवाज गेला असं नंतर कळलं. टॉर्च पाण्यात पडला. वर आत्याबाईंनीही किंकाळी फोडली. आणि मग प्रकाशचा स्वच्छ, समंजस आवाज आला, "काका, तुमचा पंचा सुटलाय."

मग अण्णांनी त्यांची एक लुंगी झाकणातून आत सोडली. ती नेसून मी वर आलो तेव्हा मालती फणसाकडे बघत होती, जणू तिला फणस किती लागलेत याचीच काळजी होती. आत्याबाई मात्र त्या फुटक्या पाट्यावर बसून हसत होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मधूनमधून त्या माझ्याकडे बोट दाखवून प्रकाशला विचारत होत्या, की याला मी घाबरत होते?

हसून घसा कोरडा पडल्यावर त्यांनी शैलाला जवळ बोलावलं आणि कॉफी मागितली. ती मन लावून प्यायल्या. साखर सरी आहे, म्हणाल्या. दुपारी जेवायच्या आधी लग्न ठरलं. मी ज्यात उतरलो ते पाणी प्यायला कुणी तयार नसल्यामुळे अण्णांनी संप उपसून टाकला, आणि पुढचं पाणी येईपर्यंत मी शेजाऱ्यांकडून घागरी वाहिल्या. खालच्याही आणि वरच्याही.

लग्नाला आम्ही बेळगावला गेलो. मला बघून वऱ्हाडी मंडळी एकमेकांना कोपरं मारत होती. पंगतीत आत्याबाई मुद्दाम माझ्या शेजारी बसल्या. माझी नवी कादंबरी त्यांनी वाचली होती. म्हणाल्या, "स्मशानाचा प्रसंग काय रंगवलाय. हसून हसून माझं पोट दुखलं."

मी जिलबी खाली ठेवली. त्या प्रसंगात सलग तीन खून होते.

पुढे त्यांनी आपुलकीने एक सल्लाही दिला. आता भुताबिताच्या नादी न लागता सरळ स्वतःवरच लिहा, म्हणाल्या. मी आशेने मालतीकडे पाहिलं.

"नको," ती पान पुसून घेत म्हणाली. "भुतांवर तरी लोकांचा विश्वास बसतो."