आबांचे तीन नांगर

आमचे आबा औत जुंपण्याआधी वारा पाहत. ओलं बोट वर धरून बांधावर उभे राहत आणि वारा पसंत पडला तरच बैल हलत. वाऱ्याचा औताशी काय संबंध, असं मायने एकदा विचारलं. आबा म्हणाले, "सवय शे. तू कुकू लावस, मी वारा देखस." मायने पुन्हा विचारलं नाही.

बैलांची नावं सारंग आणि टंडेल. जहाजावर खलाशांना राबवणाऱ्या दोघा वरिष्ठांचे हे हुद्दे. "चार वरीस यास्नी मले हाकलं," आबा सांगत, "आते मी यास्ले हाकस." टंडेल अडेल होता. त्याला शिव्या देताना आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते देवळातही दिसत नसे.

धानोऱ्याचा हा शेतकरी पहिल्या महायुद्धात आरमारात पोचला तो एका शब्दापायी. कामाच्या शोधात मुंबईला गेले असता बंदरावरच्या मुनशीने त्यांना विचारलं, "नांगर जमतो का?" आबा म्हणाले, दहाव्या वर्षापासून जमतो. "उचलशील?" रोज खांद्यावर नेतो, म्हणाले. मुनशीने लगेच अंगठा घेतला. सरकारची कुठेतरी मोठी शेती असेल, अशी आबांची समजूत. चौथ्या दिवशी चहूकडे पाणीच दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी शेजारच्या खलाशाला विचारलं, "पेरनी कोठे करनी शे?"

परत आल्यावर त्यांनी घराचंच जहाज केलं. सकाळी आम्हा चौघा भावंडांना ओळीत उभं करून ते मोजत. एकदा धाकटा भाऊ कापसाच्या ढिगात झोपून राहिला आणि ओळीत शेजारचा गण्या उभा होता. "चार. बरोबर शे," म्हणून आबा वावरात निघून गेले. मोजायचं म्हणजे मोजायचं, तोंडं बघायची नाहीत.

मी लग्नाची झाले तेव्हा तळोद्याचं स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता. मी त्याचे फक्त पाय पाहिले होते, पण पाय आवडले होते. जेवणं झाल्यावर आबांनी जहाजाची गोष्ट काढली. मुलाचे वडील, म्हणजे पुढे माझे मामंजी, भरल्या पोटी भिंतीला टेकले आणि चक्क झोपले. आबांना ते कळलंच नाही. गोष्ट रंगात आली असताना मामंजी दचकून जागे झाले आणि कामाचं बोलावं म्हणून शेतीची चौकशी करू लागले.

"नांगर कितला शेतस?"

"तीन," आबा म्हणाले. "दोन पुढे, एक मांगे."

"मोठला शेतस का?"

"एक उच्चलाले ईस मानसं लागतस."

मामंजी सावरून बसले. "आनि बैल?"

"बैलनं तठे काय काम? लोखंडनी साखळी ऱ्हास."

एवढी थोर शेती मामंजींनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी बसल्या जागी होकार दिला.

दोन दिवसांनी मध्यस्थ पेढे घेऊन आला आणि आबांच्या नांगरांचं कौतुक करू लागला, तेव्हा कुठे घोळ उलगडला. आमच्याकडे शेतीचा नांगर एकच, लाकडी, तोही दोनदा सांधलेला. माय म्हणाली, "गप ऱ्हा. लगीन व्हई जाऊ द्या." आबांनी मान हलवली. "पोर देनी शे, पन खोटं सांगीसन नही." आणि गाडी जुंपून ते तळोद्याला निघाले. मी धान्याच्या कोठीआड जाऊन रडले. आबांचा इतका राग मला पुन्हा कधीच आला नाही.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी केविलवाणे होऊन म्हणाले, "व्याही, मी आख्खा तळोदामा सांगी टाकं. मारवाडी शेटले सांगं, कचेरीना कारकूनले सांगं. आते मांगे कसा फिरू? पोर मले पसंत शे. फक्त तळोदामा जहाजनं नाव काढू नका."

आबांनी शब्द दिला. भाजीत मीठ कमी पडलं तरी समुद्राची गोष्ट काढणारा हा माणूस! लग्नात तळोद्याच्या चार जणांनी त्यांना घेरून नांगरांची चौकशी केली. आबा फक्त "हां, मोठला शेतस," म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. लेक चालली म्हणून, असं लोकांना वाटलं. तेही अर्धं खरं होतं.

पुढे बारा वर्षं ते माझ्याकडे येत आणि ओट्यावर बसून कापूस आणि भुईमूग यांच्यावरच बोलत. एकदा माझ्या मुलांनी गटारीत कागदाच्या होड्या सोडल्या आणि विचारलं, "आबा, घरएवढी बोट ऱ्हास का?" आबांनी मामंजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आयकेल शे," म्हणाले. माझ्या संसारासाठी त्यांनी आख्खा समुद्र गिळला होता.

मामंजी गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. आबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आते सांगू का वं?"

"सांगा ना आबा. आते कोण आडावनार शे?"

त्यांनी मुलांना समोर बसवलं. घसा खाकरला. खुंटीवर मामंजींची टोपी अजून तशीच होती, तिच्याकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"मन्हा नांगर व्हता ना," ते म्हणाले, "तो उच्चलाले ईस मानसं लागेत."

"वावरमा?" मुलांनी डोळे मोठे करून विचारलं.

"हां," आबा म्हणाले. "वावरमा."