खोल्या खाली आहेत

उज्जैनमध्ये खरी, तपासलेली, स्वतः हिंडून गोळा केलेली माहिती फक्त एका माणसाजवळ मिळते, आणि तो माणूस म्हणजे माझे साडू. माझी जन्माची पुंजी बुडाली ती कोणाच्या थापांनी नाही, तर या खऱ्या माहितीने बुडाली. थापाड्या माणसाला निदान शिव्या तरी देता येतात. खरं बोलणाऱ्याला काय द्यायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे पूर्वज दरबारी कारकुनीसाठी माळव्यात आले आणि तिथलेच झाले. ते स्वतः एका बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्याच्या टेबलावर नोकरीभर बसले. धंदा काढणारा जो तो प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन यायचा, आणि धंदा कुठलाही असो, रिपोर्ट एकच असायचा, फक्त नाव बदललेलं. एका ब्यूटी पार्लरच्या रिपोर्टात 'दळणाची मागणी वर्षभर राहते' असं वाक्य त्यांना सापडलं, त्या दिवशी कागदावरचा त्यांचा विश्वास उडाला तो कायमचा. मग तोंडी माहितीवरचाही उडाला. दुकानाला कुलूप दिसलं तरी ते शेजारच्या दुकानदाराला विचारतात, "बंद है क्या?" तो हो म्हणाला की पलीकडच्याला विचारतात. चहात साखर घातली आहे असं मेहुणीने लग्नानंतर किती वर्षं सांगितलं असेल कोण जाणे, पण ते चमच्यावर घेऊन चाखतात आणि मगच मान हलवतात.

नातेवाइकांत कोणाला धंद्याची हुक्की आली की साडू कामाला लागायचे. पुतण्याला पोह्यांचं दुकान काढायचं होतं, तेव्हा हे रोज सकाळी टावर चौकात जाऊन एकेका गाडीवर पोहे खायचे आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "यहीं क्यों खाते हो?" एकजण वैतागून म्हणाला, "भूख लगी है, इसलिए." घरी येऊन साडू म्हणाले, "आजवरचं सगळ्यात पक्कं उत्तर हेच." पोटाची पार वाट लागल्यावर त्यांनी पुतण्याला निष्कर्ष सांगितला, की पोहे सगळ्यांचे सारखेच आहेत, लोक स्वतःची गाडी लावायला जागा असेल तिथे खातात. पुतण्याने तशी जागा धरली आणि आज तो मजेत आहे. एकदा अशाच चौकशीत राम घाटावर यात्रेकरूंना 'कुठे उतरलात' असं विचारत हिंडताना एका पंड्याने त्यांना लॉजचा दलाल समजून हटकलं, गोत्र विचारलं आणि संकल्पच सोडायला लावला. साडूंनी कपाळावर टिळा घेऊन उरलेल्या लोकांना विचारलं. टिळ्यामुळे लोक जास्त मोकळं बोलतात, ही माहिती त्यांना वर फुकट मिळाली.

त्यांचा एक कडक नियम होता. जे पाहिलं तेवढंच सांगायचं. आपलं मत द्यायचं नाही. "मत देणारे पुष्कळ आहेत न," ते म्हणायचे, "बघून येणारा कोण आहे?"

मी सांगलीचा निवृत्त मास्तर. महाकालाच्या दर्शनाला आलो, गर्दी पाहिली आणि मनाने घेतलं की इथे यात्रेकरूंसाठी खोल्या बांधाव्या. मेहुणीच्या घराजवळ एक प्लॉटही विकाऊ होता. सांगलीला परतलो आणि साडूंना फोन करून म्हटलं, जरा पाहून सांगा. ते भर उन्हात लॉजेस पालथी घालत हिंडले, आणि मग त्यांचा फोन आला. "साडूभाई, सगळीकडे स्वतः जाऊन आलो. खोल्या खाली आहेत. सणावारी वरपर्यंत भरतात. एरवी खालीच."

मला गहिवरून आलं. किती बारकाईने पाहतो हा माणूस! यात्रेकरू म्हातारे, त्यांचे गुडघे दुखणारे, त्यांना जिना कसा चढवणार? म्हणून इथले लोक तळमजल्यावर खोल्या देतात. मी सांगलीचं राहतं घर विकलं, फंड काढला, उज्जैनला येऊन तो प्लॉट घेतला आणि त्यावर ओळीने सगळ्या खोल्या खाली बांधल्या. बांधकाम चालू असताना साडू एकदा आले, जोत्याकडे बघत उभे राहिले, गवंड्याला रेती कुठली ते विचारलं आणि निघून गेले.

शनिवार-रविवारी एखादं कुटुंब यायचं, बाकी चिटपाखरू नाही. लोक दर्शन घेत आणि मुक्कामाला इंदूर गाठत. एका संध्याकाळी ओसरीवर मी साडूंना म्हणालो, "भाऊसाहेब, तुम्ही तर सगळं फिरून पाहिलं होतं."

"हो न. सांगितलं पण होतं. खोल्या खाली आहेत."

"म्हणून तर सगळ्या खाली बांधल्या. जिनासुद्धा ठेवला नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "खाली म्हणजे, साडूभाई, रिकाम्या."

हिंदीतलं 'खाली' त्यांच्या मराठीत कधीच घरचं होऊन बसलं होतं, आणि माझं मराठी कृष्णेकाठचं. एवढ्याशा शब्दाने माझं घर गेलं. मी विचारलं, "मग जोतं बघायला आलात तेव्हा का नाही बोललात?"

"मला वाटलं, माझं ऐकूनही तुम्ही पक्कं केलंय. मत तर तुम्ही विचारलं नव्हतं."

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. खोटं बोलले असते तर परवडलं असतं.

शेवटी इमारत विकायला काढली. पुष्कळ दिवसांनी देवासचा एक गृहस्थ आला. नुकताच निवृत्त झालेला, साधा माणूस. खोल्या त्याला पसंत पडल्या. मी चहा सांगितला आणि मनातल्या मनात सांगलीला एखादी भाड्याची जागासुद्धा बघून आलो. साडू तिथेच बसले होते. गृहस्थाने त्यांना विचारलं, "बाबूजी, आप तो यहीं के हो. क्या लगता है, ले लूँ?"

साडूंनी ओळीतल्या खोल्यांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "पैसा कहाँ का है?"

"फंड का है, बाबूजी. और क्या है अपने पास."

"तो मत लो."

जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने मत दिलं, आणि दिलं तेही हिंदीतलं. देवासच्या गृहस्थाला ते एका क्षणात समजलं. त्याने चहा संपवला, दोघांना हात जोडले आणि तो गेला.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, हे काय केलंत तुम्ही?"

ते मान खाली घालून बसले होते. "असं तुम्हाला सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले, "तेव्हा जमलं नाही न."

त्यांच्याशी कायमचा अबोला धरावा असं मला रोज वाटतं. पण सांगली सुटली, आणि या गावात ज्याच्यापाशी बसून साडूंबद्दल तक्रार करावी असा माणूस मला एकच आहे. तो दिवेलागणीला येतो, चहा चमच्यावर घेऊन चाखतो, माझी तक्रार सगळी ऐकून घेतो, आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणतो.