दोनशे चाळीस विहिरींचं एकच उत्तर

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ताईंनी सव्वीस वर्षं बाटल्या धुतल्या, नमुने आणले, चिठ्ठ्या चिकटवल्या. मग आकडेमोड करणारे गृहस्थ निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी येईना, तेव्हा साहेबांनी ताईंनाच कॉम्प्युटरपुढे बसवलं. म्हणाले, "आर नावाची कॉम्प्युटरची भाषा आहे. सोपी असते. महिन्याभरात शिकून घ्या."

साहेबांचं काय जातं बोलायला? एखादा कंस राहिला की पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं, आणि ताई पुन्हा पहिल्या ओळीपासून. कॉलेजात जाणारी भाची फोनवरून शिकवायची. "मावशी, दोनशे चाळीस विहिरींसाठी तेच तेच दोनशे चाळीस वेळा लिहायचं नसतं गं. लूप लिही. एकदा सांगायचं, पहिल्या विहिरीपासून शेवटच्या विहिरीपर्यंत जा आणि प्रत्येकीची सरासरी काढ. मग तो आपला फेऱ्या मारत बसतो."

ताईंनी लूप लिहिला. लाल अक्षरं आली नाहीत याचंच त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की उत्तराकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. नायट्रेट, म्हणजे खतांतून पाण्यात उतरणारा क्षार, मर्यादेबाहेर असलेल्या विहिरी: शून्य. साहेबांनी सही ठोकली. गावोगाव कागद लागले, पाणी पिण्यास योग्य.

बाराव्या दिवशी सहज माहेरच्या विहिरीचा आकडा बघावा म्हणून त्यांनी उत्तरांची फाइल उघडली. आत एकच आकडा होता, दोनशे चाळिसाव्या विहिरीचा. तो मर्यादेत होता, म्हणून शून्य.

"अगं, लूपच्या आधी रिकामी यादी करून ठेवायची असते," भाची फोनवर म्हणाली. "मग पहिलीचं उत्तर पहिल्या घरात, दुसरीचं दुसऱ्या. तू सगळी एकाच घरात ठेवत गेलीस. दर फेरीला आधीचं पुसलं गेलं." मग तिने विचारलं, "मावशी, ते कुठे पाठवलं नाहीस ना?"

ताईंनी फोन ठेवला. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. सात विहिरी मर्यादेबाहेर होत्या.

कागद घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी तो वाचला आणि उपडा ठेवला. "माझी सही आहे त्या अहवालावर. पुढच्या वेळी दुरुस्त करू."

"पुढचा तीन महिन्यांनी आहे, साहेब. तान्ह्या बाळांच्या दुधात हे पाणी जातं."

"ताई, तुमची नोकरी किती राहिलीय?"

"चार वर्षं."

"मग गप्प बसा."

ताई जागेवर आल्या. फोन ओढून त्यांनी एकेका गावाच्या पाणीवाल्याला गाठलं. सहा जणांनी ऐकलं, सातव्याचा फोन लागेना. तेव्हा पिशवी उचलून त्यांनी सरळ बस पकडली.

सातव्या गावात विहिरीलगतच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बाळाला घेऊन गेलेत दवाखान्यात. ओठ, नखं निळी पडली सकाळी."

ताई पळतच दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरीणबाई बाळाचं हृदय तपासत होत्या. ताईंनी तो कागद त्यांच्या हातात कोंबला. "विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आहे. मर्यादेच्या चौपट." आकडा वाचताच, "म्हणजे दोष हृदयात नाही, नायट्रेटमुळे रक्त प्राणवायू नेत नाहीये," म्हणत डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारली आणि दुसरंच इंजेक्शन मागवलं.

बाळाची आई भिंतीला टेकून उभी होती. "मी तर पाणी उकळून दूध कालवत होते," ती म्हणाली. "गावात लावलेला कागदही वाचला होता."

"उकळून ते जात नाही," ताई म्हणाल्या. "पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. आणि तो कागद माझ्या हिशेबावरून निघाला. चूक माझी आहे."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली.

बाळ सहाव्या दिवशी घरी गेलं. सातही विहिरींवर पाटी लागली. चौकशीत ताईंनी सगळं आपल्या हाताने लिहून दिलं, साहेबांचं "गप्प बसा" धरून. साहेबांची बदली झाली. ताई पुन्हा बाटल्यांवर आल्या. भाचीला वाटतं, मावशी आपल्यावर रागावलीय. तसं नाही, हे सांगायला ताई रोज फोन हातात घेतात, पण 'कुठे पाठवलं नाहीस ना' याचं उत्तर आधी द्यावं लागेल, म्हणून नंबर न लावताच ठेवून देतात.