पोचे मोजणारा

बायको जाऊन वर्ष झालं. दारातली तिची गाडी बघवेना, म्हणून दिल्लीच्या करोलबागेत, जुन्या गाड्यांच्या बाजारात विकायला नेली. घेणाऱ्याचं नाव विचारलंच नाही. कानावर पेन खोचून तो कलिंगड वाजवावं तशी गाडी बोटाने वाजवत फिरला. प्रत्येक पोच्याला भाव खाली.

"ये किसने किया?"

"बायकोने. साठाव्या वर्षी शिकली. हा खांबाचा, तो भाजीच्या हातगाडीचा."

तो हसायला लागला. मला चेव आला. त्याला न दिसलेले पोचेही मीच दाखवले. "छत बघ. वर चढून कुरडया वाळत घालायची."

तो डोळे पुसत म्हणाला, "अंकल, आंटी और चलातीं, तो पैसे आपको देने पड़ते."

वर्षभरात मी इतका हसलो नव्हतो. त्याचा मातीमोल भाव त्याच्याकडेच ठेवला आणि गाडी घेऊन घरी आलो.