तीन भांडी पाणी

सातवी पास झालो की मला मास्तर होता येणार होतं. आमच्या वस्तीत तोवर कुणीच मास्तर झालेला नव्हता. त्यामुळे त्या वर्षी परीक्षेची काळजी माझ्यापेक्षा आईलाच जास्त.

महाडच्या शाळेतले आमचे मास्तर तसे वाईट नव्हते. पोपटपंची केलेलं परीक्षेत आठवत नाही, म्हणून सृष्टिज्ञानाची उजळणी ते प्रयोगांनी करून घेत. एकदा त्यांनी घरून तीन पितळी भांडी आणली. एकात गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात आणि दुसरा गार पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, मग दोन्ही कोमट पाण्यात घालायचे. तेच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला गरम.

"स्पर्श फसवतो. शास्त्र त्याच्यावर विसंबत नाही," मास्तर म्हणाले.

सगळ्या मुलांनी पाळीपाळीनं हात बुडवले. मी अस्पृश्य, दाराबाहेर तरटावर बसलेलो. मास्तरांचं वाक्य ऐकून हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ते पाठ केलं.

संध्याकाळी घरी तीन मडक्यांत तोच प्रयोग मांडला. "पानी खेळायला हाय काय रे? नदीवरना आनलाय मी," आई करवादली. गावातलं तळं कागदोपत्री सगळ्यांना खुलं होतं, आम्हाला बंद. पण मग तिनंही हात बुडवले आणि हसली. "खराच हाय की रे."

परीक्षेला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब आले. समोर तीच पितळी भांडी. माझी पाळी आली तेव्हा साहेब म्हणाले, "प्रयोग करून दाखव."

मी पुढे झालो. मास्तर साहेबांच्या कानाशी लागले.

"राहू दे," साहेब म्हणाले. "तोंडी सांग."

मी कारणासकट सगळं सांगितलं. साहेबांनी शाबासकीही दिली. निकालात मात्र मी सृष्टिज्ञानात थोडक्यात नापास. मास्तरांना विचारायला गेलो.

"उत्तर बरोबर होतं रे," ते म्हणाले. "पण गुण प्रयोग करून दाखवण्याचे होते. तो तू केला नाहीस."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकून होतो. इथे तोंड मोकळं ठेवून हात बांधले होते. मास्तर हे अगदी मायेनं बोलले, आणि त्या मायेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. तिला काही केल्या पटेना.

"पर घरी केलावतास ना तू?" ती म्हणाली. आणि कोपऱ्यातली ती तीन मडकी उचलून तिनं माझ्यापुढे मांडली, जणू दिपोटी मीच होतो.